भारतातलं व्यवसाय प्रशिक्षण कसं चालतं आणि त्याचा अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही व्यवसाय प्रशिक्षण आणि रोजगार हा विषय घेतलाय. एका अहवालात तुम्हाला दिसतं की देशातल्या पाच टक्क्यांहून कमी तरुणांना औपचारिक प्रशिक्षण मिळालंय, आणि दुसरीकडे कौशल्य योजनांतून कोटीहून अधिक लोक प्रशिक्षित झाल्याचं वाचायला मिळतं. यातलं खरं काय, ही सगळी व्यवस्था चालवतं कोण, आणि अभ्यासाला हात कुठून घालायचा?

मी आधी शासकीय आयटीआयमध्ये जोडारी (फिटर) व्यवसायाचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो, नंतर बरीच वर्षं प्रशिक्षणार्थ्यांचा माग काढणाऱ्या अभ्यासांवर काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या गरजांतून जन्माला आलेले आहेत. या क्षेत्रातला प्रत्येक आकडा कुणाला तरी पैसे देण्यासाठी, कुणावर तरी कायद्याचं बंधन आहे म्हणून, किंवा घरोघरी जाऊन विचारलं म्हणून तयार होतो. तो कुठून निघाला हे कळलं की तो कशासाठी वापरता येईल हे कळतं, आणि त्याच वाटेने गेलं तर व्यवस्थाही समजते. म्हणून मी तुमचे दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो.

सुरुवात इतिहासापासून करावी लागेल, कारण आजचे बरेच घोळ तिथेच रुजलेत. दुसरं महायुद्ध संपताना सैन्यातून परतणाऱ्या लोकांना काम देण्यासाठी १९४५ साली केंद्राने पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय उभं केलं. पुढे १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आली. आपली आयटीआय तिचंच रूप. १९५६ मध्ये आयटीआयचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. अभ्यासक्रम, निकष, परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मात्र केंद्राकडे राहिलं आणि त्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. राज्यघटनेकडेही एकदा बघा. ‘कामगारांचं व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण’ हा विषय समवर्ती सूचीत पहिल्यापासून होता. शिक्षण हा विषय मात्र १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत मुख्यतः राज्यांचा होता. म्हणजे आपल्याकडे फिटर घडवणं हे शिक्षणाचं काम कधी मानलंच गेलं नाही, ते कामगार धोरणाचं काम होतं. आयटीआय कामगार मंत्रालयाखाली वाढली, पॉलिटेक्निक शिक्षण मंत्रालयाखाली, आणि शाळेतले व्यावसायिक अभ्यासक्रम तिसरीकडेच. या तिघांची पटसंख्या, परीक्षा आणि माहिती ठेवण्याची पद्धत आजही वेगवेगळी आहे. कुणी ‘भारतातलं व्यवसाय शिक्षण’ असा एकच आकडा दिला, तर या तिघांपैकी कोण त्यात आहे आणि कोण नाही, हे पहिल्यांदा विचारा.

नोव्हेंबर २०१४ मध्ये कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालय झालं आणि २०१५ मध्ये आयटीआयचं केंद्राकडचं काम पाहणारं प्रशिक्षण महासंचालनालय त्याच्याकडे आलं. त्याआधी २००८ मध्ये सरकार आणि उद्योग यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ उभं राहिलं होतं, त्याच्याभोवती क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदा तयार झाल्या. मग एकाच देशात दोन प्रवाह समांतर वाहू लागले. एक जुना: एक-दोन वर्षांचा, संस्थेत बसून, यंत्रावर हात ठेवून शिकायचा. दुसरा नवा: काही आठवड्यांचा, तासांवर मोजलेला, खासगी प्रशिक्षण केंद्रांतून चालणारा. दोघांना एका शिडीवर बसवण्यासाठी डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, तेव्हा त्यात दहा स्तर होते. २०२३ च्या सुधारणेत आठ झाले. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांवर नजर ठेवायला डिसेंबर २०१८ मध्ये एनसीव्हीईटी ही नियामक परिषद अधिसूचित झाली. जुनी राष्ट्रीय परिषद तिच्यात विलीन झाली. कागदावर ही मांडणी चांगली आहे. पण आराखड्यात एकाच स्तरावर बसलेल्या दोन प्रमाणपत्रांना कारखान्याच्या गेटवर सारखी किंमत मिळते का, हा प्रश्न मोकळाच आहे आणि त्यावर फार थोडं काम झालंय. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

आता आकडे कसे तयार होतात ते पाहू. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आयटीआयमध्ये पैसा येतो तो मुख्यतः राज्याच्या अर्थसंकल्पातून: पगार, कच्चा माल, वीज, यंत्रांची देखभाल. तिथे मोजणीचं एकक आहे ‘तुकडी’. अमुक व्यवसायाच्या इतक्या तुकड्या मंजूर, म्हणून इतक्या जागा, इतके निदेशक. त्यामुळे आयटीआयकडे मंजूर जागा, झालेले प्रवेश, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसलेले आणि उत्तीर्ण झालेले, हे चार आकडे नीट मिळतात. पाचवा आकडा, म्हणजे उत्तीर्ण होऊन कुठे गेले, हा ठेवण्याची सक्ती कधी पैशाशी जोडली गेली नाही, म्हणून तो संस्थेगणिक बदलतो. एखाद्या संस्थेत वर्षानुवर्षं प्रेमाने ठेवलेली वही सापडते, शेजारच्या तालुक्यात काहीच सापडत नाही.

देशात आज सुमारे १५ हजार आयटीआय आहेत आणि पाचांपैकी जवळजवळ चार खासगी आहेत. पण ‘इतक्या संस्था’ या आकड्यावर विसंबू नका. खासगी संस्था बहुधा लहान असतात, दोन-तीन व्यवसायांच्या, आणि त्यात वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि जोडारी यांचंच प्राबल्य. कातारी (टर्नर), यंत्र कारागीर (मशिनिस्ट), साचे बनवणारा टूल अँड डाय मेकर, या व्यवसायांना महागडी यंत्रं लागतात, म्हणून ते शासकीय संस्थांत टिकून आहेत. संस्थांची संख्या झपाट्याने वाढली त्या काळात संलग्नता देण्याच्या पद्धतीवर संसदेच्या कामगारविषयक स्थायी समितीनेही बोट ठेवलं होतं. तेव्हा संस्था मोजू नका. यंत्र, निदेशक आणि प्रत्यक्ष हजर असणारा प्रशिक्षणार्थी मोजा. हे तिन्ही एका छताखाली असतील तरच तिथे प्रशिक्षण होतं.

अल्पमुदतीच्या योजनांचा पैसा वेगळ्या मार्गाने येतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१६ ते २०२० या काळात, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला पैसे तीन हप्त्यांत मिळत: ३० टक्के वर्ग सुरू झाल्यावर, ५० टक्के उमेदवार प्रमाणित झाल्यावर आणि २० टक्के त्यांना काम मिळाल्यावर. म्हणजे प्रशिक्षण केंद्राच्या जमाखर्चाचा ८० टक्के भाग नोकरीच्या आधीच पुरा होतो. मग वर्ग भरणं आणि प्रमाणपत्रापर्यंत नेणं याकडे सगळी शक्ती लागणार हे ओघानंच आलं. यात कुणाचा अप्रामाणिकपणा गृहीत धरायचं कारण नाही. ज्या पायरीला पैसे आहेत त्या पायरीवर माणसं उभी राहतात. चौथ्या टप्प्यात नोकरीची अट योजनेपासून वेगळी केली गेली. परिणाम असा की आधीच्या टप्प्यांत निदान काही स्वरूपात नोंदवला जाणारा आकडा आता योजनेच्या माहितीत तसा मिळत नाही. पहिल्या तीन टप्प्यांची आणि चौथ्याची तुलना करायला जाल तर हे ध्यानात ठेवाच. आणखी एक सावधगिरी: या योजनेच्या एकूण आकड्यात ‘पूर्वकौशल्याची मान्यता’ मिळालेले लोकही असतात. त्यांना काम आधीपासून येत होतं, त्यांची थोडक्यात ओळख आणि चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळालं. त्यांना ‘प्रशिक्षित’ म्हणणं आणि नव्याने शिकलेल्या मुलीला ‘प्रशिक्षित’ म्हणणं, या दोन गोष्टी एका बेरजेत घालता येत नाहीत.

तिसरा प्रवाह शिकाऊ उमेदवारीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. तीस किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असं २०१९ मध्ये सुधारलेले नियम सांगतात; त्याहून लहान आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांवरची तुरुंगवासाची टांगती तलवार काढून फक्त दंड ठेवला आणि कंपन्यांना स्वतःचे ‘ऐच्छिक व्यवसाय’ आखायची मुभा दिली. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, इतका वाटा सरकार उचलतं.

या प्रवाहातला आकडा पोर्टलवर नोंदवलेल्या करारांचा असतो. करार झाला म्हणजे उमेदवारी पूर्ण झाली असं नाही, आणि उमेदवारी पूर्ण झाली म्हणजे शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र घेतलं असंही नाही. बरीच मुलं वर्ष भरताच दुसरीकडे रुजू होतात आणि परीक्षेला येत नाहीत. कायद्याच्या १८ व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे घरी सर्वेक्षण करायला आलेल्या माणसाने ‘काय करतोस?’ विचारलं तर एक मुलगा ‘कंपनीत आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘शिकतोय’ म्हणतो. दोघं एकाच लाइनवर शेजारी उभे असतात. सर्वेक्षणात एक नोकरदार म्हणून जातो, दुसरा विद्यार्थी म्हणून. चाकण, वाळूज, बुटीबोरी अशा पट्ट्यांत काम करणार असाल तर हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात तुमच्यासमोर येईल. प्रश्नावलीत करार कुणाशी झाला, पैसे कुणाच्या खात्यातून येतात आणि भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, हे तीन प्रश्न घाला; मग उत्तर आपोआप स्पष्ट होतं. तिसरा प्रश्न ठेकेदाराकडच्या मुलांना ओळखायला विशेष उपयोगी पडतो.

चौथा स्रोत म्हणजे घरोघरचं सर्वेक्षण. आधी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांत आणि २०१७-१८ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, प्रत्येकाला विचारलं जातं की औपचारिक प्रशिक्षण घेतलंय का, आणि नसेल तर घरच्या धंद्यातून, स्वतःहून किंवा काम करता करता शिकलात का. २०२२-२३ च्या फेरीत १५ ते २९ वयोगटातल्या ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक प्रशिक्षण घेतल्याचं सांगितलं, आणखी १६.६ टक्के अनौपचारिक मार्गाने शिकले होते. तुमच्या मनातला ‘पाच टक्क्यांहून कमी’ हा आकडा याच जातीचा. इथे सांगणाऱ्याला पैसे मिळणार नसतात आणि विचारणाऱ्यालाही काही सिद्ध करायचं नसतं, म्हणून मी या आकड्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो. मात्र त्यालाही मर्यादा आहे. तीन आठवड्यांचा कोर्स केलेली बाई दोन वर्षांनी ‘प्रशिक्षण घेतलं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते प्रशिक्षण नव्हतंच. योजनेच्या यादीत ती आहे, सर्वेक्षणात नाही. तुम्हाला दिसलेल्या तफावतीचा एक भाग इथून येतो. दुसरा भाग वयोगटाचा: योजना सगळ्या वयाच्या लोकांची वर्षानुवर्षांची बेरीज सांगते, सर्वेक्षण एका वेळचं, एका वयोगटाचं प्रमाण सांगतं.

पीएलएफएसची घरनिहाय मूळ माहिती सांख्यिकी मंत्रालय मोफत देतं. ती वापराच, पण एक धोका ओळखून. शंभरात चार-पाच जणच औपचारिक प्रशिक्षित असतील, तर त्यातल्या महाराष्ट्रातल्या, त्यातल्या ग्रामीण, त्यातल्या स्त्रिया आणि त्यातल्या एका व्यवसायाच्या, असं गाळत गेलात तर हाताशी मूठभर नोंदी उरतात. त्यावर टक्केवारी काढून जिल्ह्यांची क्रमवारी लावलेले प्रबंध मी वाचलेत. तसं करू नका. राज्यपातळीवर थांबा, किंवा दोन-तीन वर्षांच्या फेऱ्या एकत्र करा.

आता परदेशाशी तुलना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या हवाल्याने असं म्हटलंय की १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय मनुष्यबळात औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी, तर अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतं. तुमच्या पानावर ते नसलेलं बरं. हे चार आकडे एका व्याख्येने, एका सर्वेक्षणातून आलेले नाहीत. आपल्याकडे जो मोटार मेकॅनिक गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं शिकला, तो या हिशोबात अप्रशिक्षित ठरतो.

जर्मनीकडून शिकायचं असेल तर टक्केवारीपेक्षा रचनेकडे बघा. तिथे मुलगा किंवा मुलगी आधी कंपनीशी प्रशिक्षणाचा करार करते आणि मग आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जाते. जागा कंपनीतून निर्माण होते. आपल्याकडे जागा शासनाच्या मंजुरीतून निर्माण होते आणि कंपनी शेवटी येते. २०१६ पासून आपण आयटीआयमध्ये ‘द्वैत प्रशिक्षण पद्धत’ आणली, त्यात मुलं काही महिने संस्थेत आणि काही महिने कारखान्यात असतात. ती चांगली आहे, पण प्रवेश अजूनही संस्थाच देते. म्हणून नाव सारखं असलं तरी ओढ वेगळ्या दिशेची आहे. जर्मनीत १९६९ चा व्यवसाय प्रशिक्षण कायदा झाला आणि १९७० मध्ये त्याच्या आधारे एक संघराज्यीय संशोधन संस्था स्थापन झाली. ती आज बॉनमध्ये आहे. व्यवसायांचे प्रशिक्षण नियम कसे बदलायचे यावर मालक, कामगार संघटना आणि शासन तिथे एका टेबलावर बसतात आणि त्यांच्यासमोर संशोधन असतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण संशोधकाला आणखी जवळचं वाटेल. अ‍ॅडलेडमध्ये १९८१ पासून व्यवसाय प्रशिक्षणाच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने माहिती एकाच प्रमाणित नमुन्यात द्यायची, २०१५ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला कायमचा ओळख क्रमांक, आणि शिकून गेलेल्यांचं नियमित सर्वेक्षण: ही सगळी घडी त्या केंद्राभोवती बसलेली आहे. म्हणून तिथला संशोधक पहिल्या दिवसापासून प्रश्नावर काम करतो. आपला संशोधक पहिलं वर्ष यादी मिळवण्यात घालवतो.

आपल्याकडे संस्था नाहीत असं अजिबात नाही. कोलकात्याचं सीस्टारी १९६८ पासून अभ्यासक्रम आणि प्रशिक्षक प्रशिक्षणावर काम करतंय. चेन्नईच्या निमीने १९८६ पासून व्यवसायनिहाय पुस्तकं तयार केली, मराठीतही, आणि ग्रामीण आयटीआयतल्या मुलांवर त्या पुस्तकांचे फार मोठे उपकार आहेत. शालेय व्यवसाय शिक्षणासाठी भोपाळला १९९३ पासून एनसीईआरटीची केंद्रीय संस्था आहे. मनुष्यबळाच्या अभ्यासासाठी दिल्लीत १९६२ मध्ये एक संस्था स्थापन झाली, ती आज निलर्ड नावाने ओळखली जाते. प्रत्येकीकडे एकेक तुकडा आहे. प्रवेशापासून कामापर्यंत एकाच प्रशिक्षणार्थ्याची सलग नोंद ठेवून ती नाव-गाव काढून संशोधकांना खुली करणारी जागा मात्र या सगळ्यांत नाही, आणि मला ही या क्षेत्रातली सर्वात मोठी उणीव वाटते. मे २०२५ मध्ये केंद्राने एक हजार शासकीय आयटीआय सुधारण्यासाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यातला ३० हजार कोटींचा भार केंद्राचा, २० हजार राज्यांचा आणि १० हजार उद्योगांचा. त्याआधी २००७ पासून १,३९६ संस्थांना सार्वजनिक-खासगी भागीदारीत प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं होतं. यंत्रं आणि इमारती लागतातच, त्या मागण्यात मीही पुढे होतो. पण इतक्या खर्चातून शिकून गेलेल्या मुलांचं काय झालं हे सांगणारी कायमची व्यवस्था याच पैशातून उभी राहू शकते, आणि ती आत्ता सुरू केली तरच पाच वर्षांनी तुलना करता येईल.

तुमच्या अभ्यासाकडे येतो. बहुतेकजण माग-अभ्यास करतात: दोन-तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्यांना शोधून काय चाललंय ते विचारायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही २००३ मध्ये महाराष्ट्रासह तीन राज्यांच्या आयटीआयचा अभ्यास केला होता. पद्धत सोपी वाटते, पण तीन ठिकाणी घात होतो.

पहिला, सापडणारे आणि न सापडणारे सारखे नसतात. ज्यांचं बरं चाललंय ते फोन उचलतात. काम सुटलेली, गाव सोडलेली, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली मुलं-मुली सापडत नाहीत. संस्थेच्या प्रवेश नोंदीत प्रत्येकाचे दहावीचे गुण, प्रवर्ग आणि गाव असतं. सापडलेल्या आणि न सापडलेल्यांची या तीन गोष्टींवर तुलना करून ती प्रबंधात छापा. वाचणाऱ्याला तुमचा आकडा किती ताणायचा ते समजेल. मुलींच्या बाबतीत माहेरचा फोन नंबर घेऊन ठेवणं हा एकच उपाय मला उपयोगी पडलेला दिसला. आणि जी मध्येच सोडून गेली त्यांना यादीतून गाळू नका. व्यवस्थेबद्दल सर्वात जास्त तीच सांगतात.

दुसरा घात प्रश्नात असतो. ‘नोकरी लागली का?’ हा प्रश्न विचारूच नका. मागच्या आठवड्यात कुठे काम केलं, कोणत्या यंत्रावर, किती तास, पैसे कुणी दिले, शिकलेल्यातलं काय वापरलं, असं विचारा. संधाता (वेल्डर) म्हणून पास झालेला मुलगा गोदामात माल उचलत असेल तर तो ‘नोकरीला’ आहे आणि आपलं प्रशिक्षण वायाही गेलंय. उलट वीजतंत्री झालेली एखादी मुलगी घरी शेजारपाजारची वायरिंगची कामं करते आणि स्वतःला बेकार म्हणवते. शक्य असेल तर सहा महिने, दीड वर्ष आणि तीन वर्षं अशा तीन वेळा विचारा. पहिल्या सहा महिन्यांत बहुतेक मुलं उमेदवारीत असतात, त्यामुळे तेवढ्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

तिसरा सर्वात अवघड: प्रशिक्षण नसतं तर त्याच मुलाचं काय झालं असतं? आयटीआयला येणारा आणि न येणारा मुलगा आधीपासूनच वेगळा असतो. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत स्त्रियांच्या शिवणकामाच्या प्रशिक्षणाचा एक अभ्यास झाला होता. इच्छुक अर्जदारांपैकी कुणाला जागा द्यायची हे नशिबावर सोडलं, म्हणजे मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायका आधी सारख्याच होत्या. तिथे प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रियांचं काम आणि कमाई दोन्ही वाढलेली दिसली, आणि वर्ष-दीड वर्षानंतरही फरक टिकला. तुम्हाला चिठ्ठ्या टाकता येणार नाहीत. पण महाराष्ट्रात आयटीआय प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने, गुणवत्ता यादीने होतात, आणि वीजतंत्रीसारख्या व्यवसायाला शेवटच्या प्रवेशाचे गुण ठरलेले असतात. त्या रेषेच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली असलेली मुलं जवळजवळ सारखीच असतात. त्यांची तीन वर्षांनंतरची तुलना हा एका विद्यार्थ्याला झेपणारा, प्रामाणिक अभ्यास आहे. फक्त एवढं नीट लिहा की रेषेखालची बरीच मुलं दुसऱ्या व्यवसायात शिकतात. त्यामुळे तुम्ही ‘वीजतंत्री की तारतंत्री (वायरमन)’ याचं उत्तर देताय, ‘प्रशिक्षण की काहीच नाही’ याचं देत नाही.

आणि कृपा करून निदेशकांशी बोला. या क्षेत्रावरच्या अभ्यासांत विद्यार्थी असतो, मालक असतो, धोरण असतं; शिकवणारा माणूस नसतो. किती पदं रिकामी आहेत, किती जण तासिका तत्त्वावर आहेत, किती जणांनी शिल्प निदेशक प्रशिक्षण पूर्ण केलंय, सरावासाठी वर्षाला किती कच्चा माल मिळतो आणि तो कोणत्या महिन्यात मिळतो, हे प्रश्न त्यांना विचारा. लोखंड जानेवारीत आलं तर जूनपर्यंतच्या सरावाचं गणित वेगळं असतं. मुलाच्या हातात कानस किती तास होती यावर त्याचं कौशल्य ठरतं. हा आकडा कुठल्याच पोर्टलवर नाही, पण सराव वहीत तारखेसह असतो.

परवानगीसाठी आधी जिल्हा किंवा प्रादेशिक कार्यालयाचं पत्र घ्या, मग प्राचार्यांकडे जा. उलट क्रमाने गेलात तर प्राचार्यांची अडचण होते. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या धामधुमीचे महिने टाळा, दिवाळीनंतरचा काळ बरा. माजी विद्यार्थ्यांचे नंबर संस्थेकडून थेट मागू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे, म्हणून संस्थेमार्फत निरोप पाठवून ज्यांनी होकार दिला त्यांच्याशीच संपर्क करा आणि त्यामुळे नमुना किती घटला हेही नोंदवा. कंपनीच्या गेटवर मुलाखती घ्यायच्या असतील तर शिफ्ट सुटल्यावर, गेटपासून दूर, आणि वहीत मुलाचं किंवा ठेकेदाराचं नाव न लिहिता घ्या. अभ्यास पूर्ण झाला की चार पानांचा मराठी सारांश संस्थेला द्या, व्यवसायनिहाय, म्हणजे जोडारीच्या निदेशकाला जोडारीचं पान काढून वाचता येईल.